न उमटलेला ओरखडा

भिंगोबा पहिल्यांदा टाचणीबाईंच्या दुकानात शिरले तेव्हा, बाईंच्या सांगण्यानुसार, छताचा पंखा जागच्या जागी थबकला, तापलेली इस्त्री गार पडली आणि समोरच्या न्हाव्याच्या हातून एका भल्या गृहस्थाची अर्धी मिशी उडाली. ऐकणारा जितका भोळा, तितकी या हकिगतीत भर पडायची. व्याह्यांना सांगितलेल्या आवृत्तीत तर आगीचा बंबसुद्धा येऊन गेला होता.

त्यातलं खरं एवढंच, की कपडे आखूड, सैल किंवा घट्ट करून देणाऱ्या त्या दुकानात एक किडकिडीत चष्मेवाला तरुण आला, त्याने एक जुनाट कोट टेबलावर पसरला आणि आतल्या बाजूचा एक चमत्कारिक खिसा दाखवून विचारलं, "यात काय ठेवत असतील?" टाचणीबाई तेव्हा बाई नव्हत्या, नुसत्या टाचणी होत्या. बारीक, ताठ, आणि तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून ते नाव. ओठ न हलवता त्या म्हणाल्या, "चष्म्याचं घर." तरुणाने मान हलवली, पिशवीतून एक पिस्तूल काढलं आणि ते अलगद त्या खिशात सोडलं.

यानंतर दुकानाच्या मालकीणबाई कपड्यांच्या कपाटात शिरल्या त्या एकदम संध्याकाळी बाहेर आल्या. शिवणाऱ्या दोघी मुली मशीनखाली गेल्या. पडद्याआड पँट घालून बघणारे एक सद्गृहस्थ, जेवढी चढली होती तेवढीच हाताने धरून, मागच्या दाराने निघून गेले. ते त्या रस्त्याला पुन्हा दिसले नाहीत, आणि पँटही दिसली नाही. टाचणी मात्र जागची हलली नाही. हे काही धाडस नव्हतं. तोंडात टाचण्या असताना किंचाळायचं नसतं, एवढी एक सवय होती. आणि या सगळ्या प्रलयात तो तरुण कोटावर वाकून विचारत होता, "नीट बसतंय ना?"

टाचणीने टाचण्या काढून ठेवल्या, कोट उचलून उजेडात धरला आणि सांगितलं, "खिसा तिरका हवा होता. सरळ खिशात हे तोंडावर पडणार. ज्याने शिवला त्याला आत काय ठेवायचंय ते कुणी सांगितलं नव्हतं."

लग्न खरं म्हणजे तिथेच ठरलं. पुढची सगळी धावपळ ही निव्वळ नातेवाइकांच्या समाधानासाठी होती.

भिंगोबा एका लिलावघराच्या तळघरात नोकरीला होते. घरातलं माणूस गेलं, की मागे राहिलेल्यांना काही वस्तू डोळ्यांसमोर नकोशा होतात. त्या तिथे येत: घड्याळं, पलंग, पेंढा भरलेली हरणं आणि जुनी हत्यारं. हत्यारं भिंगोबांच्या टेबलावर. ती पुन्हा कधी उडणार नाहीत अशी व्यवस्था वरच्या मजल्यावर आधीच झालेली असे. भिंगोबांनी फक्त बघायचं आणि सांगायचं, की वस्तू कधीची आहे आणि तिला कुणाकुणाचे हात लागलेत. पुढे भिंग, भिंगामागे चष्मा, चष्म्यामागे भिंगोबा, अशी ती तिहेरी तटबंदी होती, आणि आतला मनुष्य सहसा बाहेर पडत नसे. एकदा तळघरात शॉर्टसर्किट होऊन धूर झाला, सगळे वर पळाले, आणि भिंगोबा अर्ध्या तासाने काजळलेल्या चेहऱ्याने वर येऊन म्हणाले, की आज उजेड जरा कमी वाटतोय.

त्यांचा जीव जडला होता तो आखूड केलेल्या पिस्तुलांवर. घोडेस्वारांसाठी बनवलेली हातभर लांब, एकेका गोळीची जुनी पिस्तुलं. पुढे कुणीतरी ती कारागिराकडे नेऊन कोटाच्या खिशाजोगी करून घेतलेली. बनवणाऱ्याचं कौतुक सगळेच करतात, कापणाऱ्याकडे कुणी बघत नाही. भिंगोबा बघत. नळीवर मूळ कारखान्याचं नाव कोरलेलं असे. नळी कापली गेली, की नावही अर्ध्यातच तुटे. मग चांगला कारागीर त्या तुटक्या अक्षराशेजारी इवलीशी वेल कोरून जखम झाकून टाकी. टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा तो बारीक उंचवटा, नव्याने बसवावी लागे. खिशाच्या अस्तरात अडकू नये म्हणून तिच्या कडा चघळलेल्या गोळीसारख्या गुळगुळीत केलेल्या असत. मुठीचं लाकूड तासून इतकं गोल, की अंधारात हाताला लागलं तर साबणाची वडी वाटावी.

घरी आल्यावर भिंगोबा हे सगळं सांगत आणि टाचणीबाई कुणाच्या तरी बाहीची दुमड उसवता उसवता ऐकत. आपला दोघांचा धंदा एकच आहे, असं त्या म्हणत. एकाने केलेली वस्तू दुसऱ्यासाठी तिसऱ्याने आखूड करायची. फरक इतकाच, की माझं गिऱ्हाईक जिवंत असतं आणि परत येऊन भांडतं.

"पण एवढी आखूड करायचीच कशाला?" लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी विचारलं होतं.

भिंगोबा भिंग पुसत म्हणाले, "लांब पिस्तूल शत्रूसाठी असतं. आखूड पिस्तूल ओळखीच्या माणसासाठी. ज्याच्या शेजारी जाऊन बसायचं असतं, त्याच्यासाठी."

एवढं बोलून भिंगोबा जेवायला बसले आणि पोटभर जेवले. टाचणीबाईंनी मात्र आपलं ताट झाकून ठेवलं. त्या दिवसापासून कुणी कोटाला आतून खोल खिसा लावून मागितला, की त्या सहज विचारल्यासारखं विचारत, काय ठेवणार आहात. प्रत्येक जण म्हणे, चष्मा. मग तो माणूस रस्ता ओलांडून दिसेनासा होईपर्यंत बाई दारात उभ्या राहत, आणि आपण शिवलेला खिसा आता कुणाच्या शेजारी जाऊन बसणार आहे, याचा विचार करत.

त्या पहिल्या कोटातल्या पिस्तुलाच्या टोकाशी, खालच्या बाजूला, जिथे कुणी बघायला जात नाही, तिथे भिंगोबांना एक खूण सापडली होती. केसासारखे तीन ओरखडे शेजारी शेजारी, मग एका ओरखड्याची जागा मोकळी, मग आणखी एक ओरखडा. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका पिस्तुलावर तीच खूण निघाली. मग आणखी एकावर. तीन, मोकळी जागा, एक. भिंगोबांनी ताडलं, की ही सही आहे. जे काम उघडपणे आपलं म्हणता येत नाही, त्यावर कुणीतरी गुपचूप केलेली सही. नाव कळायची काही सोयच नव्हती, म्हणून घरात त्या माणसाला 'तो' म्हणायला लागले.

दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा हळूहळू खुंटीवरची जागा मागतो आणि मग आरामखुर्ची बळकावतो, तसा 'तो' घरात रुजला. आज त्याचा हात थरथरत होता, भिंगोबा बूट काढता काढता सांगत, थंडीचे दिवस असणार. कधी कानशीच्या रेघा उलट्या दिशेने गेलेल्या दिसत. मग उजवा हात दुखावला असेल, बिचाऱ्याने डाव्याने काम ओढलं, असा निष्कर्ष निघे. एका पिस्तुलावरची वेल अगदीच मरगळलेली होती, तेव्हा त्याच्या घरी कुणी तरी गेलं असावं म्हणून भिंगोबा स्वतःच दोन दिवस सुतक पाळल्यासारखे बसून होते. पुढे एका वेलीला चक्क फूल आलं. टाचणीबाई म्हणाल्या, दुसरं लग्न केलं असेल. त्यांनी ते थट्टेने म्हटलं होतं, पण भिंगोबांनी आठवडाभर विचार करून सांगितलं, की शक्य आहे.

एकदा तर संशयाची सुई सासऱ्यांवर आली, कारण त्यांच्या माळ्यावर जुन्या अवजारांची पेटी होती. टाचणीबाईंच्या वडिलांनी जन्मात एकदाच हातोडी उचलली होती. तसबीर टांगायला ठोकलेला तो खिळा नेमका पाण्याच्या नळात गेला आणि खालच्या मजल्यावरचे लोक छत्र्या उघडून जेवले. शिवाय ती पिस्तुलं सासऱ्यांच्या आजोबांच्याही आधीची. पण भिंगोबांच्या संशयाला तारखांचं बंधन नसे. ते नुसते सासऱ्यांच्या हातांकडे टक लावून बघत राहत, आणि सासरे बिचारे हात खिशात घालून गप्पा मारत.

मुलगी झाली, शाळेत जायला लागली. शाळेत कुटुंबाचं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा तिने चार माणसं काढली. आई, बाबा, ती, आणि मागे दाराशी उभा असलेला एक, ज्याला चेहरा नव्हता आणि ज्याचे हात बाकीच्या सगळ्यांच्या डोक्यांपेक्षा मोठे होते. हा कोण, म्हणून शाळेतल्या बाईंनी विचारलं. लेक म्हणाली, "तो. तो आमच्याकडेच असतो." त्यानंतर शाळेतल्या बाई टाचणीबाईंशी बोलताना जरा जास्तच प्रेमाने बोलू लागल्या आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं दर वेळी विचारू लागल्या.

आता सगळीच आखूड पिस्तुलं काही देखणी नसत. काहींची नळी नुसती ओबडधोबड कापलेली, नाव मानेतून तुटलेलं, मुठीला हात लावला तर कुसळ शिरावं अशी. त्या करणाऱ्याला भिंगोबा 'खाटीक' म्हणत. खाटकाचं काम टेबलावर आलं, की ते दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवत. त्याला भिंग लावणं म्हणजे 'त्याचा' अपमान करणं, अशी त्यांची पक्की समजूत होती. गवयाच्या शेजारी बसून भोंगा ऐकायचा नसतो, म्हणायचे.

टाचणीबाईंनी या सगळ्याची भरपूर थट्टा केली, पण एक दिवस असा आला की त्यांची थट्टा आटली. भिंगोबा तळघरातून आले ते पांढरेफटक. आजचं पिस्तूल बाईमाणसासाठी होतं, म्हणाले. मूठ लहान, बोटांच्या खाचा लहान. हात दे बघू तुझा. त्यांनी बायकोचा हात स्वतःच्या तळव्यावर ठेवला, तिची बोटं हळूच मिटवली, उघडली, आणि पुन्हा मिटवली. "बरोबर एवढाच," ते पुटपुटले आणि हात धुवायला गेले.

जन्मभर दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या बाईला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की आपलं माप घेतलं जातं तेव्हा काय वाटतं. दुपारी एकटीच शिवत बसलं, की मध्येच मशीन थांबवून त्या बोटं मिटून बघत. कोण होती ती? तिने मागून घेतलं होतं, की कुणी तिच्या हातात दिलं होतं? आणि ती कुणाच्या शेजारी जाऊन बसली? मशीन थांबलं, की त्या शांततेत त्यांना एक बारीक आवाज ऐकू यायचा. कानस लोखंडावरून जावी तसा, खर्र, मग क्षणभर काही नाही, मग खर्र. शेजारी चौकशी करून झाली, पाण्याचे पाइप बघून झाले. शेवटी त्यांनी ठरवलं, की मशीन थांबवायचंच नाही. त्या वर्षी त्यांचं काम सगळ्यांत जास्त झालं आणि गिऱ्हाइकांनी त्यांच्या उद्योगीपणाची तारीफ केली.

अशी वर्षं गेली. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. मग भिंगोबांच्या नजरेत मधोमध एक डाग पडला. ज्या वस्तूकडे सरळ बघावं ती नाहीशी व्हायची आणि तिच्या आजूबाजूचं सगळं लख्ख दिसायचं. डॉक्टरांनी सांगितलं, की हा डाग आता वाढेल, जाणार नाही. लिलावघराने शाल, फूल आणि सुट्टी दिली.

तेव्हाच गावातल्या छोट्या संग्रहालयाकडून विचारणा आली. एकाच अज्ञात कारागिराची इतकी पिस्तुलं कुठे एकत्र बघायला मिळत नाहीत. त्याच्यासाठी एक काचेचं कपाट देऊ, लिलावघरही वस्तू द्यायला तयार आहे. फक्त भिंगोबांनी एकेक तपासून सांगावं, की ही त्याचीच. बाकीची मग जातील कुठेतरी. भिंगोबांना आयुष्यात दुसरं काही मागायचं नव्हतं. "नाव तर नाही मिळालं त्याला," ते म्हणाले, "निदान जागा मिळू दे."

पिस्तुलांची पेटी रीतसर परवानगी काढून घरी आली. पण बघणार कोण? भिंगोबांनी भिंग काढून बायकोच्या हातात दिलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिला त्या भिंगाला कधी फडकंसुद्धा लावू दिलं नव्हतं.

"काय दिसतंय?"

"काळंकुट्ट."

"अगं, उलटं धरलंयस."

"मग आधी सांगायचं होतंत. मला वाटलं लोखंड असंच असतं."

पण दोन दुपारी गेल्या आणि बाईंची नजर बसली. त्या शिवण वाचत आल्या होत्या, आता लोखंड वाचायला लागल्या. इथे काम करणारा थांबून परत सुरू झालाय. इथे घाई. इथे कडेला बोट फिरवून बघितलंय आणि मग पुन्हा घासलंय. भिंगोबा डोळे मिटून, खुर्चीत मागे रेलून ऐकत आणि म्हणत, हो, हो, तोच. बाईंनाही 'तो' आवडायला लागला होता. आपण याची उगाच थट्टा केली, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

मग त्यांनी ती खूण बघितली. तीन ओरखडे, मोकळी जागा, एक ओरखडा.

बाईंनी भिंग पुसून पुन्हा लावलं. ही गोष्ट त्यांच्या ओळखीची होती. ज्या दुकानात भिंगोबांनी पिस्तूल काढलं होतं, तिथल्या मशीनला सुईखालून कापड पुढे ढकलणारे बारीक दाते होते, आणि त्यातला एक मोडलेला होता. जाड कापड शिवलं, की उलट्या बाजूला दातांचे चावे उमटत आणि मध्ये एक चावा गायब असे. त्या मशीनवर त्या बसत, त्या दोघी मुली बसत आणि वेळ पडली तर मालकीणबाईही बसत. चौघींच्या शिवणीत जमीनअस्मानाचा फरक. चावा मात्र चौघींचा एकच.

आणि पिस्तुलाची नळी घासायची तर ती कशात तरी घट्ट धरावी लागतेच. टेबलाला बसवलेला लोखंडी शिकंजा, त्याच्या जबड्याला दाते. त्यातला एक मोडलेला असला, तर?

भिंगोबांना खुर्चीत डुलकी लागली होती. बाईंनी पेटीच्या तळाशी हात घालून खाटकाचं एक पिस्तूल काढलं, उलटं केलं आणि भिंग लावलं. खूण तिथेही होती. इतरांपेक्षा खोल, कारण खाटकाने शिकंजा जीव खाऊन आवळला होता आणि नंतर पॉलिश करायची तसदी घेतली नव्हती. चांगल्या पिस्तुलांवर ती पुसट होती ती घासूनपुसून साफ केल्यामुळे. ज्या पुसटपणाला भिंगोबा इतकी वर्षं 'त्याची' नम्रता म्हणत आले, ते साधं पॉलिश होतं.

मग सगळंच उसवत गेलं. कुठेतरी एक टेबल होतं आणि त्यावर मोडक्या दाताचा एक शिकंजा. त्याच्यापुढे जो येईल तो उभा राहायचा. एक डावखुरा. एक म्हातारा, ज्याचा हात थरथरायचा. एक, ज्याला फुलं काढता यायची. आणि एक, ज्याला कामात रस नव्हता, लवकर घरी जायचं होतं. ती थंडी, तो दुखावलेला हात, ते सुतक, ते दुसरं लग्न, सगळं चारपाच माणसांचे तुकडे जोडून भिंगोबांनी शिवलेलं एक आयुष्य होतं. अंगात घालायला आत माणूसच नव्हता.

"खाटकाचंही एकदा बघून घे," डोळे न उघडताच भिंगोबा म्हणाले. त्यांना जाग आली होती. "नंतर कुणी शंका काढायला नको. खूण नसेलच म्हणा."

पिस्तूल बाईंच्या हातातच होतं. त्या म्हणाल्या, "नाही."

आधी 'तो' घरात होता तेव्हा त्याची अडचण होती, पण त्याला एक जागा होती. दाराशी, मागे. आता तो नाहीच हे कळल्यावर तो घरभर झाला. मशीन थांबलं की कानस ऐकू यायची, पण आता एक नाही. एक सलग चालणारी, एक अडखळत, एक मध्येच थांबून कानोसा घेणारी. भिंगोबा आनंदात होते. जेवताना 'त्याच्या' कपाटाला कोणता कपडा लावावा, हिरवा की राखाडी, असं विचारत, आणि बाई मान खाली घालून राखाडी म्हणत. जिवंत माणूस नकोसा झाला तर त्याला दार तरी दाखवता येतं. जो नाहीच, त्याला कुठलं दार दाखवायचं? भांडी घासताना मागे कुणी उभं आहे असं वाटून त्या वळत आणि मागे भिंगोबाच असत, बाईंच्या जरा बाजूला बघत. थेट बघितलं तर बाई त्यांना दिसत नसत.

ठरलेल्या दुपारी संग्रहालयाच्या बाई आल्या. हसतमुख, वयाने लेकीएवढ्या. अंगातला कोट उत्तम होता, फक्त डाव्या खांद्याला किंचित ओढ होती. टाचणीबाईंचा हात आपोआप टाचणीकडे गेला होता. भिंगोबा बोलायला लागले. 'त्याच्याबद्दल' ते इतकं सुंदर बोलले, की संग्रहालयाच्या बाईंनी लिहून घ्यायचं सोडून रुमाल काढला. एकटा, नाव नसलेला, दुसऱ्यांच्या भीतीला आकार देणारा आणि तरी त्यात फूल काढणारा माणूस. टाचणीबाईंना वाटलं, असा माणूस खरोखर असायला काय हरकत होती?

"फक्त एक आहे काका," संग्रहालयाच्या बाई संकोचून म्हणाल्या. "तुम्हाला आता दिसत नाही. या वेळी बघितलंय ते काकूंनी. तेव्हा काकूंनीच सांगायला हवं, की या सगळ्यांवर एकाच माणसाचा हात आहे. मी त्यांच्या नावाने नोंदवते."

दोघांचे चेहरे टाचणीबाईंकडे वळले. नवऱ्याशी त्या संसारात पुष्कळ खोटं बोलल्या होत्या. त्यांचा आवडता विरलेला स्वेटर कुठे गेला, त्यांच्या आत्याने पाठवलेली फुलदाणी कशी फुटली, असं बरंच. पण दुसऱ्याच्या शिवणीवर आपलं नाव त्यांनी कधी घातलं नव्हतं आणि आपली शिवण कधी नाकारली नव्हती. तेवढं एक त्यांना जमायचं नाही.

"एका माणसाचा नाही," त्या म्हणाल्या. "एका शिकंज्याचा आहे."

मग त्यांनी मोडक्या दाताचं सगळं सांगितलं. बोलताना त्या कुणाकडेच बघत नव्हत्या, टेबलक्लॉथची दुमड नखाने दाबत होत्या. संग्रहालयाच्या बाईंनी पेनाला टोपण लावलं. रस्त्यावरून एक गाडी गेली आणि कपाटातल्या काचा थोड्या वाजल्या.

"खाटकाच्या पिस्तुलावरही आहे?" भिंगोबांनी विचारलं.

"आहे. सगळ्यांत ठळक."

"तू नाही म्हणाली होतीस."

"हो."

भिंगोबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. बाईंना वाटलं, आता हे कोसळणार. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवलासुद्धा.

"किती जण असतील?"

"चार तरी. पाचही असतील."

"फूलवाला वेगळा?"

"वेगळा. डावखुराही वेगळा."

"आणि ते बाईमाणसाचं?"

हे त्यांनी विचारू नये, असं टाचणीबाईंना फार वाटत होतं. ते पिस्तूल त्यांनी सगळ्यांत शेवटी बघितलं होतं, आणि बघून झाल्यावर हात साबणाने धुतले होते. "ते दोघांनी मिळून केलंय," त्या म्हणाल्या. "नळी खाटकाची. मूठ फूलवाल्याची."

"म्हणजे ते बोलले असणार एकमेकांशी," भिंगोबा हळूच म्हणाले. "हाताचं माप घेताना. कुणासाठी आहे, कशासाठी आहे. दोघांनाही माहीत होतं."

मग त्यांनी पेला चाचपून उचलला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "एवढी माणसं घरात होती, आणि इतकी वर्षं आपण एकालाच चहा विचारत होतो."

संग्रहालयाच्या बाई वरिष्ठांशी बोलून कळवते म्हणाल्या. निघताना टाचणीबाईंनी त्यांना दोन मिनिटं थांबवून डाव्या खांद्याची ओढ काढून दिली.

भिंगोबा त्यानंतर रुसले नाहीत की रडले नाहीत. काही दिवस ते आपल्या एका माणसाचे तुकडे सोडवत बसले. थंडी म्हाताऱ्याच्या वाट्याला दिली, सुतक आधी डावखुऱ्याला दिलं आणि मग फूलवाल्याला, दुसरं लग्न मात्र कुणालाच शोभेना म्हणून रद्द केलं. खाटकाबद्दल ते आता वाईट बोलत नसत. त्याला लहान मुलं असतील, म्हणायचे, घरी जायची घाई होती त्याला. दुपारी बाई शिवायला बसल्या, की ते समोर येऊन बसत. धागा तुटून मशीन थांबलं, की मान तिरकी करून विचारत, "आज कोण आहे गं?"

टाचणीबाई सुई ओवता ओवता थांबत, कान देत. मग सांगत, "डावखुरा वाटतोय."

"आणि त्या बाईमाणसाच्या पिस्तुलाचं काम?"

"अजून चालूच आहे."

एवढं झालं, की दोघंही मशीन पुन्हा सुरू व्हायची वाट बघत, आणि बाई धागा ओवायला मुद्दाम उशीर करत नसत.

संग्रहालयाने ते कपाट फुलपाखरांना दिलं. भिंगोबा पुढच्या वर्षी गेले. लिलावघराने सगळी पिस्तुलं एकगठ्ठा विकायला काढली, सोबत एक टेबलफॅन आणि एक घडीची शिडी होती. घेणाऱ्याला शिडी हवी होती.